विल्यम कॅरी : निराशेचे दिवस आणि श्रद्धेचे बळ

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• विल्यम कॅरी यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगणे.
• मराठी व्याकरण, कोश आणि मुद्रित गद्य यांच्या आरंभकाळाशी असलेला त्यांचा संबंध स्पष्ट करणे.
• हानी आणि अपयश यांना सामोरे जाताना त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेने काय साधले व काय साधले नाही, याचे विवेचन करणे.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्वाचीन मराठी गद्याचा इतिहास वाचताना विल्यम कॅरी हे नाव आपल्यासमोर एक-दोन ओळींत येऊन जाते. १८०५ साली त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, एवढी नोंद परीक्षेपुरती पुरेशी ठरते. परंतु ही कामे कोणत्या परिस्थितीत झाली, त्यांच्या आगेमागे किती कामे पार पडण्यापूर्वीच नष्ट झाली आणि तरीही हा माणूस पुन्हा लिहावयास कसा बसला, हे त्या नोंदीतून कळत नाही. या घटकात आपण कॅरी यांच्या चरित्राकडे त्या दृष्टीने पाहणार आहोत.

आपणांपैकी अनेकांचे शिक्षण एके काळी मध्येच थांबले असेल. कोणाला घरच्या अडचणीमुळे, कोणाला नोकरीमुळे, कोणाला आजारपणामुळे अभ्यास सोडावा लागला असेल. थांबलेले काम पुन्हा हाती घेणे म्हणजे काय, हे आपण अनुभवाने जाणता. म्हणून कॅरी यांची धर्मश्रद्धा आपली असो वा नसो, त्यांच्यापुढील प्रश्न आपणांस परका वाटणार नाही. मन लावून केलेले काम डोळ्यांदेखत नाहीसे झाले, तर माणसाने कशाच्या आधारावर पुन्हा उभे राहावे, हा तो प्रश्न होय.

२. जडणघडण

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेचे शिक्षक झाले. घरची स्थिती बेताची होती. उन्हात काम केले की विल्यमच्या त्वचेला त्रास होई, म्हणून शेतकाम सोडून त्यांना चौदाव्या वर्षाच्या सुमारास जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच आणि फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांना ना महाविद्यालय लाभले, ना पदवी. मिळेल ते पुस्तक आणि भेटेल तो जाणकार, हीच त्यांची शाळा होती.

याच काळात ते बाप्टिस्ट पंथाकडे वळले. १७८३ साली नेने नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर मोल्टन येथे शाळाशिक्षक व मंडळीचे पाळक, आणि १७८९ पासून लेस्टर येथे पाळक, असा त्यांचा प्रवास झाला. १७८१ साली त्यांचा विवाह डोरोथी प्लॅकेट यांच्याशी झाला होता. डोरोथी निरक्षर होत्या. विवाहाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी फुली काढली. या दांपत्याची पहिली मुलगी अ‍ॅन दोन वर्षांची होण्याआधीच तापाने दगावली.

कॅरी यांच्या श्रद्धेचे स्वरूप समजून घेण्यासाठी त्यांच्या एका पुस्तिकेकडे लक्ष देणे आवश्यक आहे. जगाचा उद्धार करावयाचा असेल तर देव तो स्वतःच्या वेळी करील, माणसाने त्यासाठी खटपट करण्याचे कारण नाही, असा एक विचार त्यांच्या पंथात प्रचलित होता. १७९२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत कॅरी यांनी हा विचार खोडून काढला. माणसाचे अंतःकरण बदलणे हे देवाच्या हाती आहे, हे त्यांना मान्यच होते. परंतु त्यासाठी लागणारी साधने जमवणे आणि वापरणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे, अशी त्यांची मांडणी होती. प्रवास, भाषा शिकणे, भाषांतर, छपाई, शिक्षण ही सारी साधने होत. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. त्या दिवशी जमलेली वर्गणी १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स एवढी होती.

साधने माणसाने वापरावीत आणि फळ देवावर सोडावे, ही भूमिका ऐकून आपणांस भगवद्गीतेतील कर्मयोगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र घाईने दोन्ही एकच मानू नयेत. कॅरी यांनी फळाची इच्छा सोडली नव्हती. ते फळासाठी व्याकुळ होत, प्रार्थना करीत आणि ते न मिळाले की खिन्न होत. आपल्या कष्टांमुळे फळावर आपला हक्क निर्माण होतो, ही समजूत तेवढी त्यांच्या श्रद्धेला मान्य नव्हती. हा फरक लक्षात ठेवून पुढील घटनांकडे पाहू.

३. बंगालमधील पहिली सात वर्षे

१३ जून १७९३ रोजी कॅरी एका डॅनिश जहाजाने भारताकडे निघाले आणि नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यास पोहोचले. डोरोथी प्रथम येण्यास तयार नव्हत्या. अखेर बहीण कॅथरीन बरोबर येणार असेल तर येते, या अटीवर त्या निघाल्या. त्या वेळी त्यांच्या कुशीत काही आठवड्यांचे मूल होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना परवानगी नव्हती. सहकारी डॉ. जॉन थॉमस यांच्या हातून पैसे भराभर संपले. परक्या शहरात, उधार-उसनवारीवर, आजारी मुलाबाळांसह राहण्याची वेळ या कुटुंबावर आली. काही महिने सुंदरबनच्या परिसरात काढल्यावर १७९४ च्या मध्यास कॅरी यांना मालदा भागातील मदनावती येथे निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून नोकरी मिळाली.

त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर अतिसाराने मरण पावला. कॅरी स्वतः तापाने अंथरुणाला खिळलेले होते. मुलासाठी खड्डा खणायलाही माणसे मिळणे कठीण झाले. या मृत्यूनंतर डोरोथी यांचे मन ढासळू लागले.

मदनावती येथे कॅरी यांनी बंगाली आणि संस्कृत भाषांचा अभ्यास केला, गावोगाव उपदेश केले, नव्या कराराचे बंगाली भाषांतर बहुतांशी पुरे केले. परंतु ज्या उद्देशाने ते आले होते, त्या दृष्टीने पदरी काहीच पडत नव्हते. पाच-सहा वर्षांत एकही बंगाली मनुष्य ख्रिस्ती झाला नाही. त्यांनी या काळात लिहिलेली दैनंदिनी वाचली तर एक आनंदी, निश्चयी साधुपुरुष आपणांस तेथे आढळत नाही. आपले मन थंड पडले आहे, प्रार्थना करवत नाही, बोलण्यासाठी आसपास कोणी नाही, आपण या कामास लायक नाही, असे उद्‌गार तेथे वारंवार येतात.

कॅरी यांच्या श्रद्धेने त्यांना निराशेपासून मुक्त केले नाही, ही गोष्ट आपण येथे नोंदवून ठेवावी. निराशा व्यक्त करण्यासाठी तिने त्यांना एक श्रोता मात्र दिला. त्यांची तक्रार देवापाशी होती आणि ती स्वतःला चांगले भासवण्याच्या खटाटोपाशिवाय मांडलेली होती. बायबलमधील अनेक स्तोत्रे अशाच विलापाची आहेत आणि कॅरी त्या परंपरेत वाढले होते. मन खिन्न असतानाही दुसऱ्या दिवशी भाषांतराचा ठरलेला भाग पुरा करावयाचा, हा त्यांचा क्रम चालू राहिला. पहाटे उठून बागेत फिरत प्रार्थना करण्याची सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. झाडांची त्यांना अतोनात आवड होती.

४. डोरोथी यांची कहाणी

कॅरी यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रकरण डोरोथी यांचे आहे आणि गौरवपर चरित्रांत ते थोडक्यात उरकले जाते. १७९५ पासून त्यांना मानसिक आजाराने ग्रासले. पतीविषयी निराधार संशय, संताप, भ्रम यांत त्यांची पुढली बारा वर्षे गेली. कित्येकदा त्यांना खोलीत बंद ठेवावे लागे. बाजूच्या खोलीत कॅरी पंडितांसह भाषांतर करीत बसलेले असत. त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे, असा सल्ला मिळूनही कॅरी यांनी तो मानला नाही. ८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथी यांचे निधन झाले.

कॅरी यांनी पत्नीला टाकले नाही, हे खरे. परंतु ज्या ध्येयासाठी त्यांनी देशांतर केले, ते ध्येय डोरोथी यांचे नव्हते, हेही तितकेच खरे. निवड पतीची होती आणि तिची किंमत दोघांनीही मोजली. कॅरी यांच्यापाशी दुःख सोसण्यासाठी भाषा होती, काम होते, सहकारी होते. परक्या मुलखात, परक्या भाषेत, मूल गमावलेल्या निरक्षर स्त्रीपाशी यांपैकी काहीच नव्हते. श्रद्धेने निराशेवर मात केली, असे एका वाक्यात लिहून टाकणाऱ्या चरित्रकाराने डोरोथी यांच्या बंद खोलीचा विचार केलेला नसतो. अभ्यासकाने तो करावा.

५. श्रीरामपूर आणि मराठी

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी हुगळी नदीकाठच्या श्रीरामपूर येथे आले. हे महाराष्ट्रातील श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या उत्तरेला असलेली ही डॅनिश वसाहत होती आणि इंग्रज कंपनीचे नियम तेथे लागू नव्हते. शिक्षक जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना आणि मुद्रक विल्यम वॉर्ड यांच्यासह त्यांनी येथे एकत्र कुटुंबासारखी वसाहत उभी केली. सर्वांची मिळकत सामायिक खजिन्यात जाई. शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून आठवड्यातील रुसवेफुगवे मिटवण्याचा नियम होता. १८०५ साली त्यांनी आपल्या कार्याचा एक करारनामा लिहिला आणि तो वर्षातून तीनदा सर्वांसमोर वाचावयाचे ठरवले. श्रद्धा ही केवळ मनाची उभारी म्हणून न ठेवता तिला रोजच्या, आठवड्याच्या आणि वर्षाच्या वेळापत्रकात बसवण्याची ही रीत होती.

२८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांचा हुगळीत बाप्तिस्मा झाला. सात वर्षांनी आलेला हा पहिला आनंदही निर्भेळ नव्हता. डॉ. थॉमस यांना आनंदातिरेकाने भ्रम झाला, आणि डोरोथी आपल्या खोलीत होत्या. १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. त्याच वर्षी कॅरी यांची कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात भाषाशिक्षक म्हणून नेमणूक झाली. बंगाली व संस्कृत यांबरोबर पुढे मराठीही ते शिकवू लागले. आठवड्यातील काही दिवस कलकत्त्यास आणि उरलेले दिवस श्रीरामपुरास, असा त्यांचा क्रम होता. पगाराचा बहुतेक भाग मिशनच्या सामायिक खजिन्यात जाई.

मराठी मुलखापासून इतक्या दूर मराठीचे व्याकरण कसे लिहिले गेले, असा प्रश्न आपणांस पडेल. नागपूरकडील पंडित वैजनाथ हे त्यांचे मुख्य साहाय्यक होते. १८०५ मधील व्याकरण, १८१० मधील मोडी लिपीतील कोश आणि १८११ मधील मराठी नवा करार ही कामे पंडितांच्या मदतीवाचून झाली नसती. खिळे ओतण्याचे काम पंचानन कर्मकार आणि त्यांच्यानंतर त्यांचे जावई मनोहर यांनी केले. कॅरी यांच्या नावामागे उभ्या असलेल्या या हातांची आठवण ठेवणे भाषेच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.

६. ११ मार्च १८१२

त्या दिवशी संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यातील कागदाच्या कोठारात आग लागली. छापखान्याची इमारत सुमारे २०० फूट लांब होती. वॉर्ड यांनी दारे-खिडक्या बंद करून आग कोंडण्याचा प्रयत्न केला आणि छतातून पाणी ओतवले. काही तास तो यशस्वी होतो आहे असे वाटले. मग कोणीतरी खिडक्या उघडल्या आणि वाऱ्यासरशी सारी इमारत पेटली. मनुष्यहानी झाली नाही. पण छप्पर कोसळले. कागद, अनेक भारतीय भाषांचे खिळे, छापून तयार असलेली पाने असे बरेच काही गेले. नुकसान ६० हजार रुपयांहून अधिक होते.

पैशांत मोजता येणार नाही असे जे गेले, ते कॅरी यांच्या हस्तलिखितांच्या रूपात होते. संस्कृत शब्द आणि त्यांचे विविध भारतीय भाषांतील पर्याय देणारा एक मोठा बहुभाषी कोश ते वर्षानुवर्षे रचीत होते. पंजाबी आणि तेलुगू व्याकरणांचे साहित्य, रामायणाच्या भाषांतराचा काही भाग आणि बायबलच्या भाषांतरांची पाने त्याबरोबर जळाली. त्या काळी हस्तलिखिताची दुसरी प्रत क्वचितच असे, हे लक्षात घ्यावे.

कॅरी त्या रात्री कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी जाऊन त्यांना वार्ता सांगितली. ती ऐकून ते काही वेळ सुन्न झाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. संध्याकाळी श्रीरामपुरास परतून त्यांनी धुमसत्या ढिगाऱ्यांमधून फेरी मारली. तोवर वॉर्ड आणि कामगार राखेतून वितळलेले शिसे गोळा करू लागले होते. बाजूच्या खोलीतील छापयंत्रे वाचली होती. आणखी एक गोष्ट वाचली होती आणि तीच निर्णायक ठरली : खिळे ओतण्यासाठी लागणारे पोलादी ठसे आणि साचे. ते शाबूत असल्यामुळे वितळलेल्या धातूतूनच पुन्हा खिळे पाडणे शक्य होते.

त्यानंतरच्या रविवारी कॅरी यांनी उपदेशासाठी स्तोत्रसंहितेतील ४६वे स्तोत्र निवडले. शांत होऊन देवाचे देवपण ओळखावे, असा या स्तोत्राचा भाव आहे. आपणांस आणि आपल्या कामाला हवे तसे वापरण्याचा देवाला अधिकार आहे, आणि त्या अधिकारास मान तुकवणे हे माणसाचे कर्तव्य आहे, अशा दोन अंगांनी त्यांनी विवेचन केले. आग का लागली, यात देवाचा काय हेतू होता, याचा उलगडा करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. काम आपल्या मालकीचे नव्हते, म्हणून ते गेल्याचा जाब मागण्याचा हक्क आपणांस नाही, एवढेच त्यांनी मानले. आपल्या कामगिरीविषयी मनात जमलेल्या अभिमानाचीही त्यांनी या प्रसंगी तपासणी केली. मित्रांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी एक व्यवहारी विचारही मांडला : एकदा चाललेल्या वाटेवरून दुसऱ्यांदा जाणे बहुधा अधिक सोपे आणि अधिक खात्रीचे असते, म्हणून नवी भाषांतरे पहिल्यापेक्षा चांगली होतील.

संत तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपल्या मनात रुजलेली आहे. परंपरेनुसार तेरा दिवसांच्या उपोषणानंतर त्या कोरड्या वर आल्या. दोन्ही प्रसंगांत शब्द गमावण्याचे दुःख आहे आणि दोन्ही ठिकाणी देवाकडे धाव आहे. कॅरी यांचे कागद मात्र परत आले नाहीत. त्यांना ते पुन्हा लिहावे लागले, आणि त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी या पुनर्लेखनात होती.

७. पुनरारंभ

नदीकाठची एक मोठी वखार नुकतीच भाडेकरूने रिकामी केली होती. तेथे छापखाना हलवण्यात आला. रात्रंदिवस खिळे ओतले जाऊ लागले. काही महिन्यांत बहुतेक भाषांची छपाई पुन्हा सुरू झाली. आगीची बातमी इंग्लंडला पोहोचताच सुमारे दोन महिन्यांत नुकसानभरपाईची सुमारे १० हजार पौंडांची रक्कम गोळा झाली. आगीने कॅरी यांचे नाव घरोघरी पोहोचवले. या कीर्तीतही धोका आहे, असे सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांना वाटले आणि त्यांनी तसे कळवले.

त्यानंतरच्या कामाची नोंद पाहा. १८१२ मध्ये पंजाबीचे, १८१४ मध्ये तेलुगूचे आणि १८१७ मध्ये कन्नडचे व्याकरण प्रसिद्ध झाले. बंगाली कोश १८१५ ते १८२५ या काळात पूर्ण झाला. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे १८१४ मधील ‘सिंहासनबत्तीशी’, १८१५ मधील ‘हितोपदेश’ आणि १८१६ मधील ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ ही आरंभीची मुद्रित मराठी गद्यपुस्तके याच पुन्हा उभारलेल्या छापखान्यातून बाहेर पडली.

सर्वच परत मिळाले, असे मात्र मानू नये. बहुभाषी कोश पुन्हा कधीच झाला नाही. रामायणाचे भाषांतर तीन खंडांपुढे गेले नाही. काही गोष्टी पुन्हा कराव्यात आणि काही गेल्या असे मानून पुढे जावे, हा विवेक कॅरी यांनी केला. त्यांच्या भाषांतरांचे आयुष्यही अल्पच ठरले. मराठी बायबलची त्यांची भाषा पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांना रुचली नाही आणि १८१३ पासून मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. त्यांच्या कोशामागून १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा अधिक समृद्ध कोश आला. फळावर हक्क न सांगण्याची त्यांची भूमिका अशा रीतीने काळानेही तपासली.

८. माणसांकडून आलेली निराशा

आगीपेक्षा कठीण प्रसंग पुढे यावयाचे होते. थोरला मुलगा फेलिक्स ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला होता. १८१४ मध्ये इरावतीत नौका उलटून त्याची पत्नी व मुले बुडाली. पुढे तो ब्रह्मी राजाचा वकील म्हणून कलकत्त्यास आला. मुलाने ईश्वरी सेवा सोडून दरबारी मान पत्करला, याचे शल्य वडिलांना फार लागले. काही काळ भटकून तो परतला आणि बंगालीत ज्ञानकोशाचे काम करू लागला. पण नोव्हेंबर १८२२ मध्ये त्याचे निधन झाले. मे १८२१ मध्ये कॅरी यांची दुसरी पत्नी शार्लट, १८२२ मध्ये कृष्ण पाल आणि मार्च १८२३ मध्ये वॉर्ड, असे मृत्यू त्या दोन वर्षांत घडले.

याच सुमारास इंग्लंडमधील सोसायटीशी मालमत्तेच्या आणि अधिकाराच्या प्रश्नावरून वाद वाढला. नव्याने आलेले तरुण मिशनरी, त्यांत कॅरी यांचा पुतण्या युस्टेसही होता, श्रीरामपूरकरांपासून वेगळे झाले. आयुष्यभराची मिळकत सामायिक खजिन्यात टाकणाऱ्यांवर संपत्ती साठवल्याचे आरोप झाले. १८२७ मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी यांचा संबंध तुटला. या प्रकरणातील कॅरी यांची पत्रे आगीनंतरच्या पत्रांसारखी शांत नाहीत. त्यांत दुखावलेपण आणि कडवटपणाही दिसतो. आगीचा स्वीकार करणे त्यांना साधले, पण स्वकीयांच्या अविश्वासाचा स्वीकार तितका साधला नाही. तथापि त्यांनी काम थांबवले नाही. ४ डिसेंबर १८२९ रोजी सतीबंदीचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या बंगाली भाषांतराचे काम त्यांच्याकडे आले. ते काम आले तो रविवारचा दिवस होता. विलंबाने प्राण जाऊ शकतात हे जाणून त्यांनी त्या दिवशीचा उपदेश दुसऱ्यावर सोपवला आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले.

१८३० नंतर कलकत्त्यातील मोठ्या व्यापारी पेढ्या बुडाल्या आणि मिशनचा पैसाही त्यांत गेला. फोर्ट विल्यम कॉलेजातील त्यांचे पदही त्याच सुमारास संपुष्टात आले. १८३२ मध्ये बंगाली बायबलची अखेरची सुधारित आवृत्ती हातावेगळी केल्यावर आपले काम झाले, असे त्यांना वाटले. ९ जून १८३४ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या थडग्यावर कोणतीही प्रशस्ती कोरू नये, अशी त्यांची इच्छा होती. एका जुन्या स्तोत्रातील दीनतेच्या दोन ओळी तेवढ्या तेथे कोरल्या गेल्या.

९. समारोप

कॅरी यांच्या जीवनावरून श्रद्धा आणि निराशा यांच्या संबंधाविषयी तीन गोष्टी सांगता येतात. एक, श्रद्धेने त्यांचे दुःख टाळले नाही आणि त्याचे कारणही सांगितले नाही. तिने दुःख मोकळेपणाने मांडण्याची जागा दिली. दोन, फळावरील हक्क सोडल्यामुळे हानीनंतर त्यांना स्वतःच्या अपमानाचा हिशेब मांडत बसावे लागले नाही; उरलेल्या साधनांचा हिशेब ताबडतोब मांडता आला. तीन, ही शक्ती सर्व प्रसंगी सारखी नव्हती आणि ती त्यांच्या घरातील सर्वांना लाभली नाही.

राखेतून निघालेले ठसे आणि साचे यांच्याकडे विद्यार्थ्याने विशेष लक्ष द्यावे. छापलेली पाने गेली, पण पाने छापण्याचे साधन राहिले. कॅरी यांच्या बाबतीत भाषा शिकण्याची शिस्त, पहाटेची प्रार्थना आणि सहकाऱ्यांची सोबत हीही तशीच साधने होती. आपला खंडित अभ्यास पुन्हा सुरू करताना आपल्यापाशी कोणती साधने शाबूत आहेत, याची यादी आपणही करून पाहावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘साधने’ आणि ‘फळ’ यांविषयीची कॅरी यांची भूमिका कर्मयोगाच्या विचाराहून कोणत्या बाबतीत वेगळी आहे, ते स्पष्ट करा.
२. १८१२ च्या आगीपूर्वीचे आणि नंतरचे श्रीरामपूर येथील मराठीविषयक कार्य थोडक्यात सांगा.
३. आगीमुळे झालेली हानी आणि स्वकीयांच्या अविश्वासातून आलेली निराशा यांना कॅरी यांनी दिलेल्या प्रतिसादांची तुलना करा.
४. डोरोथी यांच्या दृष्टीने या चरित्रातील एक प्रसंग सुमारे २०० शब्दांत लिहा.